वेनिंगला काय हवे

बुधवार, ६ एप्रिल २०१६

भाजीची मांडणी आजपासून माझ्याकडे आली. चंद्रशेखरकाका म्हणाले, "दोन वर्षं गोण्या उचलल्यास. आता माल ओळखायला शीक." काकांनी वीस वर्षे जहाजावर काढली आणि मग इथे परदेशात, सेरंगून रोडच्या गल्लीत हे दुकान टाकले. अजून ते डेकवर असल्यासारखे बोलतात. चुका होऊ नयेत म्हणून मी रोजचे लिहून ठेवायचे ठरवले आहे. बारावी पास झालो नाही, पण माझी शुद्धलेखनाची वही गुरुजी दुसऱ्या वर्गांत दाखवायला नेत असत.

पहिल्याच दिवशी चूक झाली. परवा पाडवा, म्हणून कडुनिंब आणि साखरेच्या गाठींना गर्दी होती. त्यात एक इंडोनेशियन बाई मराठीत लिहिलेली यादी घेऊन आल्या. काय हवे, असे मी इंग्रजीत विचारले. त्यांनी बटाट्यांकडे पाहिले आणि मराठीत म्हणाल्या, "हा ढीग कोणी रचला? वर गोजिरे, खाली सडके. लबाडी आहे मेली."

मी मुद्दाम केले नव्हते. मोठे वर छान दिसतात म्हणून ठेवले होते. हे सांगेपर्यंत त्यांनी अर्धा ढीग उपसला होता. तळायचे एकीकडे, उकडायचे दुसरीकडे, आणि हिरवट झालेले पाच माझ्या हातात. "हे टाका. पोट दुखतं." एक बटाटा नाकाशी धरून म्हणाल्या, "हा थंड गावचा." मीही हुंगला. मला नुसता मातीचा वास आला.

त्यांचे नाव लास्त्री. नोव्हेना भागात रघुवीर आणि सुलभाताईंच्या घरी चार वर्षे कामाला आहेत. रघुवीर यांच्या आईंचे सगळे त्याच बघतात आणि मराठी त्या आजींकडूनच शिकल्या. त्यामुळे त्या स्वतः एकतीसच्या असल्या तरी त्यांची मराठी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

उद्यापासून ढीग तीन.

शनिवार, २३ एप्रिल

लास्त्री आता दर शनिवारी येतात. सोबत सुलभाताईंची मुलगी इरा असते, वय आठ. तिला आइस्क्रीम हवे असते, भाजीचा कंटाळा. आज लास्त्रींनी तिन्ही ढीग पाहून मान हलवली. शाबासकीच म्हणायची.

बटाट्याचे एवढे कसे कळते, असे मी विचारले. मग त्यांनी गावाचे सांगितले. जावामध्ये डिएंगचे पठार आहे, आणि त्याच्याही वरच्या अंगाला त्यांचे वातुसारी. बस खालीच थांबते, पुढे मालाच्या ट्रकमध्ये उभे राहून जायचे. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बटाट्याच्या पायऱ्यांनी भरलेला. शाळेच्या खिडकीतून ढग वर्गात येतो, आणि तेवढा वेळ फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मुले खूश. एका ठिकाणी जमिनीतून उकळते पाणी येते, तिथे अंडी फडक्यात बांधून सोडतात. घरात सगळ्यात मोठी खोली स्वयंपाकघर. पाहुणा आला की आधी चुलीपाशी बसवायचा, बोलणे नंतर. अंगाभोवती सरोंग, म्हणजे मोठी लुंगी, गळ्यापर्यंत गुंडाळून म्हातारे-कोतारे तिथेच दिवस काढतात.

त्यांनी शेताचा फोटो दाखवला. सऱ्या उतारावर उभ्या काढलेल्या. आमच्या गडहिंग्लजकडे असे केले तर लोक हसतील. मी म्हणालो, "सऱ्या आडव्या हव्यात. माती वाहून जाईल."

"जाते ना."

"मग?"

"आडव्या केल्या तर पाणी साठतं, बटाटा कुजतो. माती खाली जाते, ती टोपलीत भरून परत वर आणतो. दर वर्षी."

"दर वर्षी?"

"तुम्ही रोज केर काढता ना? उद्या परत होतोच."

यावरचे उत्तर मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले, पण तोपर्यंत शनिवार संपला होता. जाताना त्यांना काय हाक मारावी हा प्रश्न पडला. ताई म्हणायला काही हरकत नव्हती, पण जीभ वळेना. सवय नसेल.

शनिवार, ७ मे

आज मन ठिकाणावर नाही.

लास्त्रींना सहा वर्षांची मुलगी आहे, वेनिंग. ती दोन वर्षांची असताना त्या इकडे आल्या. नवरा कालिमंतानला पाम तेलाच्या मळ्यावर गेला आणि तिकडचाच झाला. मुलगी आजीपाशी असते. आज त्यांनी फोनवर तिचा फोटो दाखवला. गोरी-गुलाबी, वाऱ्याने गाल फुटलेले, आणि डोक्यावर मागच्या बाजूला जट.

माझ्या थोरल्या आत्याला दहाव्या वर्षी जट आली होती. देवीची म्हणून कोणी हात लावला नाही. तिचे लग्न झाले नाही. हळदीचे कपाळ घेऊन ती दारोदार फिरली आणि त्या जटेच्या ओझ्याने शेवटी तिची मान वाकडी झाली. मी घाबरत घाबरत विचारले, "हिला देवाला सोडणार का?"

लास्त्रींना प्रश्नच कळला नाही. त्यांच्याकडे असे आहे: एखाद्या मुलाला मोठा ताप येतो आणि मग केसांच्या जटा होतात. त्या मुलाचा सगळे मान राखतात. योग्य वेळी गावातला वडीलधारा मुलाला विचारतो, तुला काय हवे. मूल जे मागेल ते द्यायचे, तेच द्यायचे, दुसरे काही चालत नाही. मग जट कापून ओढ्यात सोडायची. पुन्हा येत नाही. मागणे मुलाच्या मनातले हवे. कोणी सुचवायचे नाही, कोणी भरीला घालायचे नाही. न देता कापली, किंवा मागणे दुसऱ्याचेच निघाले, तर ताप येतो आणि जट परत येते.

आमच्या आत्याला काय हवे होते कोण जाणे. विचारलेच नाही कोणी.

"मग वेनिंगनं काय मागितलं?"

"मोट्या केर्तो दोनदा विचारून गेले. काही बोलत नाही. नुसती माझ्या फोटोकडे बघते."

लाजाळू असेल. मुलांना वेळेवर सुचत नाही. मलाही सुचत नाही. लास्त्री म्हणाल्या, "मागितलं ते मला देता नाही आलं तर काय करू?" आणि यादीतली कोथिंबीर विसरून गेल्या. मी संध्याकाळी नोव्हेनाला नेऊन दिली. बस बदलावी लागते, पण कोथिंबीर थांबत नाही.

शनिवार, १४ मे

लास्त्री गवार निवडत होत्या, तेवढ्यात गावाहून व्हिडिओ कॉल आला. त्यांचे हात मातीचे, म्हणून फोन मी धरला. वेनिंग माझ्याकडे बघून गप्प झाली. मलाही काय बोलावे कळेना. त्यांच्या भाषेला जवळचे माझे मलय बाजारापुरतेच. शेजारी आमची घरपोच मालाची लाल सायकल उभी होती, म्हणून मी घंटी वाजवली. ती हसली. परत वाजवली. परत हसली. पुढचे दोन दात नाहीत. मी फोन फिरवून चाके दाखवली, दिवा दाखवला, पुढची टोपली दाखवली आणि म्हणालो, "सपेडा. बागूस." म्हणजे सायकल, छान. आणि परत घंटी.

यात भरीला घालण्यासारखे काही नाही. मी नुसती घंटी वाजवली. शिवाय सायकल ही मिळण्यासारखी वस्तू आहे. मूल काहीतरी न मिळण्यासारखे मागून बसले तर आईचे किती हाल होतील. लास्त्रींना सगळे सोडून पळत जावे लागले तर आजींचे कोण करील, याचाही विचार करायला हवा.

सायकल पुसून ठेवली. ती आता जास्त लाल दिसते.

रविवार, २२ मे

मागितले. लाल सायकल, घंटीसकट.

लास्त्रींच्या भावाने खालच्या गावातून लगेच आणली. आज जट कापली. लास्त्रींची आज सुट्टी होती, तरी त्या दुकानात आल्या आणि आम्ही तांदळाच्या पोत्यांमागे बसून फोनवर पाहिले. मोट्या केर्तोंनी पुटपुटत कात्री चालवली. मोट्या म्हणजे मोठे आजोबा असावेत असे मला वाटले होते, पण ते लास्त्रींनीच ठेवलेले टोपणनाव निघाले, कारण ते खरेच फार जाड आहेत. गावात त्यांना म्बाह केर्तो, म्हणजे केर्तो आजोबा, म्हणतात.

"मला किती भीती होती," लास्त्री म्हणाल्या. "सायकल. बघा, केवढं सोपं मागितलं." आणि माझ्या हातावर हात ठेवला, एक क्षण. मग काढून घेतला आणि चणाडाळ कशी दिली असे विचारले. त्यांना चणाडाळ नको होती.

मला फार हलके वाटले. काकांनी विचारले, शिट्टी कसली वाजवतोस.

शनिवार, १८ जून

त्यांचे रोजे चालू आहेत. लास्त्री भाजी निवडताना बोलत नाहीत, म्हणून मीच बोलतो. सायकलची चौकशी केली. वातुसारीत सपाट जागा मशिदीपुढे तेवढी. बाकी सगळा चढ किंवा उतार. एकदा वेनिंग उतारावरून थेट कोणाच्या तरी कोबीत गेली. तेव्हापासून सायकल स्वयंपाकघरात चुलीवरच्या तुळईला टांगलेली आहे, मक्याच्या कणसांशेजारी. तिची आजी हँडलवर ओली फडकी वाळत घालते.

"घंटी वाजवते का?"

"कॉल आला की वाजवते. मग ठेवून देते."

शनिवार, १६ जुलै

वेनिंगला ईदनंतर तीन दिवस ताप होता. आज सकाळी तिच्या आजीने फणी घातली तर केस परत गुंतलेले. मागच्या बाजूला, त्याच ठिकाणी. म्बाह केर्तो येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, मागणे तिचे नव्हते.

लास्त्रींनी हे सगळे बटाट्यांसमोर उभे राहून सांगितले आणि एकही बटाटा न उचलता परत गेल्या.

मी तीन वेळा हिशेब चुकलो. ताप विषाणूने येतो. केस न विंचरल्याने गुंततात. हे मला माहीत आहे. पण मला घंटीही माहीत आहे.

शनिवार, २३ जुलै

आज नोव्हेनाच्या आजी स्वतः आल्या, चाकांच्या खुर्चीत. लास्त्री मागे, इरा पुढे. आजींनी चष्मा वर करून मला पाहिले.

"तूच का तो बटाटेवाला?"

"हो."

"कोथिंबीर पोचवायला बस बदलून येतोस तो?"

"हो."

"हं," आजी म्हणाल्या. मग इराकडे वळून, "आता मला सांग, त्या पोरीच्या डोक्यात सायकल आली कुठून? तिच्या गावात एक सायकल नाही."

इरा आइस्क्रीममधून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "दीपेश अंकल लाह. ही ऑल्वेज रिंग द बेल फॉर हर."

आजी माझ्याकडे बघत होत्या आणि मी भेंडीकडे. लास्त्री खुर्ची वळवून गेल्या. पैसे द्यायचे राहिले, मी माझ्यातून भरले.

रविवार, २४ जुलै

दुपारी चहाच्या सुट्टीत फरर पार्कच्या मैदानावर गेलो. रविवारी लास्त्री मैत्रिणींबरोबर तिथे झाडाखाली बसतात. मला बघून उठून आल्या. बोलायचे चार मुद्दे मी चिठ्ठीवर लिहून नेले होते, पण घामाने शाई पसरली.

मी म्हणालो, "मी तिला सुचवलं. नियम माहीत असताना सुचवलं. मला वाटलं, तुमचा त्रास वाचेल."

"माझा?"

"हो. आणि आजींचा."

"आजींचा," त्या म्हणाल्या.

त्या बाकावर बसल्या, मीही बसलो, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

"मी त्या दिवशी गवार निवडत होते. पण आंधळी नव्हते. घंटी ऐकली. तुम्हाला थांबवलं नाही. मला पण सायकल सोपी वाटली." त्यांनी पदरासारखा ओढणीचा शेव बोटाला गुंडाळला, आजींची सवय. "ती फोटोकडे का बघते ते मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. सायकल दुकानात मिळते. आई कुठल्या दुकानात मिळते?"

तेव्हा मला कळले. अडीच महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी सडका बटाटा खाली दडपावा तसे ते खाली दडपत होतो. का, ते मला नीट सांगता येत नाही. लास्त्रींनी विचारलेही नाही.

"करार मार्चपर्यंत आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"तुम्ही जायला पाहिजे."

हे मीच म्हणालो. आवाज मला माझा वाटला नाही.

शनिवार, १३ ऑगस्ट

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. वातुसारीत दव गोठले. पहाटे डोंगर पांढरा, बटाट्याची पाने काळी पडलेली. सगळे गाव ऊन यायच्या आत झाऱ्यांनी पाणी मारून बर्फ धूत होते. वेनिंगसुद्धा, तिच्या उंचीच्या झारीने. वाचले ते निम्मेच.

सुलभाताई लास्त्रींना सोडायला आधी तयार नव्हत्या. त्यांची रॅफल्स प्लेसची नोकरी, इराची परीक्षा, आजींचे दुखरे कंबरडे. त्यांचेही चूक नाही. शेवटी आजींनीच जेवणाच्या टेबलावर सांगून टाकले. लास्त्रींनी मला त्यांच्या आवाजात करून दाखवले: "मला उचलायला दुसरी कोणी मिळेल. नाही मिळाली तर रघुवीर उचलील. पोट बघ त्याचं, व्यायाम होईल."

पुढच्या शनिवारचे तिकीट आहे.

मी म्हणालो, "छान झालं." मग म्हणालो, "फारच छान झालं." काका मधेच म्हणाले, "दीपेश, तू कांद्यात आलं ओततोयस."

शनिवार, २० ऑगस्ट

विमान दुपारचे होते. लास्त्री सकाळी दहाला निरोप घ्यायला आल्या. आजींच्या सवयी त्यांनी एका कागदावर मला लिहून दिल्या आहेत, रोमन अक्षरांत, पण मराठी. चहात आले किसून नको, ठेचून. बटाटा उकडल्यावर लगेच सोलायचा नाही. भाजी आता मीच घरी पोचवणार आहे.

"पोचल्यावर कळवा," मी म्हणालो.

"हो."

"जपून जा. पोचल्यावर कळवा."

"हो हो."

टॅक्सी वळेपर्यंत मी ते तिसऱ्यांदा म्हणालो होतो. त्या काच खाली करून हसल्या. "कळवते हो, दीपेश." नावाने पहिल्यांदा.

नंतर पाव किलो लसूण सोलत बसलो. कोणी सांगितले नव्हते.

रविवार, ४ सप्टेंबर

उद्या गणपती. दुकानात मोदकाच्या पिठाला इतकी गर्दी की उभे राहायला जागा नाही, तरी काकांनी मला अर्धा तास सोडले.

वेनिंगला आज परत मागणे विचारणार होते. तिने सांगून ठेवले होते म्हणे, की सायकलवाल्यालाही फोनवर बोलवा. मी पोत्यांमागे बसलो, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. म्बाह केर्तोंनी माझ्याकडे पडद्यावर एकदा रोखून पाहिले. त्यांना सगळे सांगितलेले असणार.

चुलीपाशी सगळे बसले होते. वेनिंग आईच्या सरोंगमध्ये शिरून नुसते डोके बाहेर काढून बसली होती. म्बाहनी विचारले, तुला काय हवे. मला तेवढी भाषा आता कळते.

ती विचार करत राहिली. आईकडे वर बघितले, बघून झाल्यावर चुलीकडे बघितले. कोणी खोकलेसुद्धा नाही.

मग ती म्हणाली, बदकाचे अंडे. तळलेले. अख्खे. मामेभावाला अर्धे द्यायचे नाही.

थोडा वेळ सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते. पुढे काही नव्हते. लास्त्रींनी तोंड ओढणीत लपवले, त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते छोट्या पडद्यावर मला कळले नाही. अंडे तिथेच तळले. वेनिंगने ते सगळ्यांसमोर एकटीने खाल्ले, शेवटी ताटलीही चाटली. मामेभाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता. मग जट कापली आणि सगळे ओढ्याकडे गेले.

लास्त्री फोन घेऊन शाळेच्या टेकाडावर आल्या, तिथे रेंज बरी असते. मागे धुके होते. केसांत चुलीची राख.

"नोकरी सोडून आले मी," त्या म्हणाल्या, "आणि पोरीनं काय मागितलं, तर अंडं."

"तुम्ही होतात म्हणून अंडं सुचलं असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "शहाणे झालात की." आणि मग, "तुम्हाला काय हवं?"

"मला? काही नाही. इथे सगळं मिळतं."

"दुकानाचं नाही विचारलं मी."

मी तोंड उघडले. तेवढ्यात धुके टेकाडावर आले आणि चित्र गोठले. त्यांचा एक डोळा आणि अर्धे हसू तसेच राहिले. मी पाच मिनिटे ते बघत बसलो, काकांनी हाक मारेपर्यंत.

मंगळवार, ६ सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती आज दुपारी गेले. गर्दी ओसरल्यावर मी काकांना रजेचा अर्ज दिला. दोन वर्षांत पहिला. काल दुपारभर मधून मधून बसून लिहिला होता, पानभर, आकडे घालून. इंडोनेशियन बटाट्याची लागवड प्रत्यक्ष पाहणे. थेट माल मिळेल का याची चौकशी. दवाने झालेल्या नुकसानीचा अभ्यास. अशी नऊ कारणे.

काकांनी चष्मा लावून सगळी वाचली. "बटाटे बघायला जावाला जाणार? इथे रोज दोनशे किलो बघतोस."

"तिकडे सऱ्या उभ्या असतात."

"असं." त्यांनी चष्मा काढला. "कशाला जायचंय, दीपेश?"

मला नववे कारण सांगावे असे वाटत होते. ते चांगले लिहिले होते. पण तोंडातून आले ते वेगळेच.

"तिथे लास्त्री आहेत. मला त्यांना भेटायचंय."

बाहेर कोणीतरी ट्रकमधून कोबी उतरवत होते. काकांनी पान माझ्यापुढे सरकवले. "हे यात कुठे लिहिलंय?"

मी पाहिले. कुठेच नव्हते.

"दहावं लिही," काका म्हणाले, "आणि दिवाळीच्या आधी परत ये."

मी पेन घेतले आणि लिहिले.